‘परत परत फोटो काढतात, म्हणजे आजार वाढलाय ना?’

नाशिकमध्ये कर्करोगाच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी ‘आतला शेक’, म्हणजे आत नळी बसवून द्यायचे किरणोपचार, सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो, तोही बहुतेक वेळा खोलीतून निघता निघता, दाराशी थबकून: दरवेळी परत स्कॅन कशाला? आजार वाढलाय आणि आम्हाला सांगत नाहीत का? या प्रश्नाच्या पोटात काय काय असू शकतं, ते मला निफाड तालुक्यातल्या एका बाईंमुळे कळलं. त्यांना इथे कमलमावशी म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे गेली होती, म्हणून ऑपरेशनऐवजी शेक आणि सोबत आठवड्याला एक केमोची सलाईन असं ठरलं. बाहेरून द्यायचे 25 शेक त्यांनी रोज एसटीने येऊन घेतले, एकही चुकवला नाही. मग आतल्या शेकाचं पहिलं सिटिंग झालं. एकूण चार व्हायची होती. दुसऱ्याच्या दिवशी उपाशीपोटी आल्या आणि ‘आज परत सीटी स्कॅन होईल’ असं कानावर पडताच स्ट्रेचरवर चढेनात. “मला घरी सोडा,” एवढंच म्हणत राहिल्या.

सून माझ्याकडे पळत आली. मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली, घाबरू नका, त्रास होणार नाही वगैरे. मावशी भिंतीकडे बघत होत्या. शेवटी मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, “मावशी, मागच्या वेळी तिथे पडल्या पडल्या काही ऐकलंत का?”

त्या वळल्या. “डॉक्टरबाई फोनवर बोलत होत्या. रेक्टमला जास्त जातंय म्हणे. मंग संध्याकाळी मी सूनबाईला विचारलं, रेक्टम म्हणजे काय. ती म्हणली, शौचाची जागा.” थोडं थांबून म्हणाल्या, “तिकडं गेलं ना माझं?”

सून हबकून त्यांच्याकडे बघत राहिली. पाच दिवस घरात कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टर बोलत होत्या त्या आजाराबद्दल नव्हे, किरणांच्या मात्रेबद्दल. पण कमरेत इंजेक्शन देऊन बधिर केलेलं, आत नळ्या बसवलेल्या, लघवीची नळी लावलेली, कापडाच्या पट्ट्या आत घट्ट भरलेल्या आणि हलायचं नाही अशी ताकीद, अशा अवस्थेत बाई दोन-तीन तास उताणी पडून असते. तेवढ्या वेळात तिच्याकडे कान सोडून दुसरं असतं काय? शेक काही मिनिटांत उरकतो. खरी परीक्षा त्याआधीच्या या थांबण्याची असते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्याशी कुणी बोलत नाही. याचा मला आजही राग येतो.

डॉक्टरांची परवानगी घेऊन मी सासू-सुनेला प्लॅनिंगच्या खोलीत नेलं. किरणांच्या मात्रेचा हिशेब करणाऱ्या फिजिसिस्टने मावशींचाच मागच्या वेळचा स्कॅन पडद्यावर उघडला. मधोमध नळीची पांढरी रेघ. एका रंगाने पिशवीचं तोंड आणि उरलेली गाठ आखलेली, पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, वर आतड्याचं एक वेटोळं. या सगळ्याभोवती किरणांच्या मात्रेची वळणदार रेघ होती. एका ठिकाणी ती गुदाशयावर चढलेली होती.

“हे ते रेक्टम,” तो बोट ठेवून म्हणाला. “इथे किरणं जास्त जात होती. आजार नव्हे, किरणं. ती जाऊ नयेत म्हणून आम्ही असं केलं.” त्याने दोन आकडे बदलले. रेघ मागे सरली आणि गुदाशयापासून सुटली. गाठीवरची मात्रा मात्र जागेवरच होती.

मावशी खुर्ची पुढे ओढून बसल्या.

आतला शेक देणाऱ्या मशीनच्या तिजोरीत इरिडियम या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा असतो. तो तारेच्या टोकावर बसून नळीतून आत जातो आणि ठरलेल्या जागी काही काही सेकंद थांबत पुढे सरकतो. कुठे किती सेकंद थांबायचं हे त्या दिवशीच्या स्कॅनवरून ठरतं. दर सिटिंगला नळ्या बसतात त्यात थोडा फरक पडतो, लघवीची पिशवी कमी-जास्त भरलेली असते, आतड्यात वारा असतो, गाठ आकसत असते. मागच्या आठवड्याचा फोटो आज चालत नाही तो यासाठी. गुदाशयाच्या ज्या दोन घन सेंटिमीटर भागाला सगळ्यात जास्त मात्रा मिळते, तेवढ्याचाही वेगळा हिशेब ठेवतात.

पूर्वी हे एक्स-रेवर व्हायचं. पिशवीच्या तोंडापासून दोन सेंटिमीटर वर आणि नळीच्या दोन सेंटिमीटर बाजूला एक बिंदू धरायचा आणि मात्रा त्यावर ठरवायची. ही मँचेस्टरची पद्धत 1938 सालची. एक्स-रेत नळी दिसते, गाठ दिसत नाही. त्यामुळे गाठ मोठी असो की लहान, बिंदू तोच. एमआरआय बघून गाठीच्या आकाराप्रमाणे मात्रा बसवण्याच्या शिफारशी युरोपातल्या तज्ज्ञांनी 2005 पासून दिल्या. पुढे ‘एम्ब्रेस’ नावाच्या अभ्यासात 1341 स्त्रियांवर या पद्धतीने उपचार झाले, आणि पाच वर्षांनंतर 92 टक्क्यांमध्ये त्या जागेचा आजार आटोक्यात होता. मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात सहभागी होतं. आता बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला एमआरआय आणि नंतर दर वेळी सीटी अशी सांगड घालतात. नळी बसवताना सोनोग्राफीचीही मदत घेतात.

हे सगळं मी मावशींना सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “बाहेरून पंचवीस दिले, मंग आतून कशाला?” मी शब्द शोधत होते तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “फवारणी झाली, आता घडाघडाला डिपिंग?” ज्यांनी द्राक्षबागेत एकेक घड औषधात बुडवला आहे त्यांना याहून नेमकं काय सांगणार! बाहेरून तेवढी मात्रा दिली तर आजूबाजूचे अवयव भाजून निघतील.

मग फिजिसिस्टने दोन एमआरआय शेजारी शेजारी लावले, उपचाराआधीचा आणि बाहेरचे शेक संपल्यावरचा. मावशींनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. “एवढंच राहिलं?” त्यांनी अंगठ्याच्या नखाने पडद्यावरच माप घेतलं. सुनेने पदर तोंडाला लावला.

निघताना दुसरी भीती बाहेर आली. दीड वर्षाच्या नातीला त्यांनी पाच दिवस जवळ घेतलं नव्हतं. तिला रात्री सुनेकडे झोपवत होत्या, कंबर दुखते असं सांगून. इरिडियम तिजोरीत परत गेलं की बाईच्या अंगात किरणं उरत नाहीत. खोलीतून बाहेर येते तीच मुळी तसं तपासून झाल्यावर. “आज घरी गेल्यावर घ्या तिला,” मी म्हटलं.

सिटिंग दोन दिवसच लांबलं. सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा, रेंगाळला तर गाठीला सावरायला वेळ मिळतो. मावशींचं चौथं सिटिंग 54 व्या दिवशी झालं. योनीमार्ग आकसू नये म्हणून वापरायच्या डायलेटरबद्दल आम्ही नंतर वेगळं बोललो, दार लावून, सुनेला बाहेर बसवून. ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढते.

दुसऱ्या सिटिंगला मी स्ट्रेचरच्या उशाशी उभी होते. डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी उचलण्याआधी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मावशी, आता मी किरणांबद्दल बोलणार आहे, आजाराबद्दल नाही.”

मावशींनी डोळे मिटलेलेच ठेवले. “बोला. आज रेक्टमला किती चाललंय, ते मलाबी सांगा.”