पोराला मुंबईच मिळाली पाहिजे?

पत्र: माई, माझा मुलगा 2021 च्या भरतीत नौदलात लागला. जहाजावर होता, आता स्वतःहून पाणबुडीसाठी नाव दिलं. विशाखापट्टणमला कोर्स संपत आलाय, पहिली पोस्टिंग कुठं ते अजून कळलं नाही. मार्गशीर्षात साखरपुडा केला, मुलगी धरणगावकडची. व्याही म्हणतात, मुंबई मिळाली तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्न उरकू, नाहीतर बघू. आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक पुढारी चिठ्ठी द्यायला तयार आहेत. पुतण्याची शिक्षकाची बदली अशाच चिठ्ठीवर अक्कलकुव्याहून नंदुरबारजवळ झाली होती. पोराला हे सांगितलं तर भडकला, आता फोनच उचलत नाही. मुंबईला असला म्हणजे जिवाला घोर नाही, आणि श्रावणात कानबाईच्या सणाला घरी तरी येईल. त्याच्या कागदावर ‘आयएनएस सातवाहन’ लिहिलंय, ती कुठली बोट? काय करू सांगा.
– अमळनेर तालुक्यातली एक आई

ताई,

आधी चिठ्ठीचं बोलते, कारण ती उद्या-परवा निघेल. ती थांबवा. बदलीसाठी बाहेरून वजन आणणं हा नौदलात नियमभंग धरतात, आणि त्याचा जाब चिठ्ठी देणाऱ्याला कुणी विचारत नाही, पोराला विचारतात. पुतण्याचं काम झालं असेल, मी नाही म्हणत नाही. आपल्याकडं बदली म्हटली की आधी पुढारी आठवतो आणि मग अर्ज, हे मला काय ठाऊक नाही? पण शाळेत एका मास्तरच्या जागी दुसरा आला तर पोरं तेवढ्यापुरती बावरतात. तुमचा मुलगा जिथं चाललाय तिथं चाळीस-पन्नास माणसं बिनखिडकीच्या जागेत आठवडेच्या आठवडे राहतात आणि प्रत्येकाचा जीव शेजारच्याच्या कामावर असतो. तिथं पहिल्याच दिवशी ‘हा चिठ्ठीवर आलेला’ असं नाव पडलं तर पुसता पुसत नाही. तो भडकला यात मला तरी नवल वाटत नाही.

आता सातवाहनचं. ती बोट नाहीच, शाळा आहे, आणि जमिनीवर आहे. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही आणि शाळांनाही ‘आयएनएस’ लावतात. विशाखापट्टणमची आयएनएस सातवाहन म्हणजे पाणबुडीवाल्यांची शाळा, 1974 पासूनची. नाव मात्र आपल्या पैठणच्या राजांचं, तेवढं समाधान माना. उद्या त्याच्या आदेशावर ‘आयएनएस वीरबाहू’ किंवा ‘आयएनएस वज्रबाहू’ असं दिसलं तरी गोंधळू नका. वीरबाहू हा विशाखापट्टणमचा पाणबुडी तळ, वज्रबाहू मुंबईचा.

आणि पोस्टिंग ठरते कशी? नौदलातून पेन्शनीत निघालेल्या दोन-तीन जणांशी मी या पत्रावरून बोलले. खलाशांच्या नेमणुका-बदल्यांचा कारभार मुंबईत मानखुर्दच्या ‘ब्युरो ऑफ सेलर्स’मधून चालतो. तिथं बघतात ते असं: पोराचा ट्रेड कोणता, म्हणजे इलेक्ट्रिकल, इंजिन, सोनार (पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र) की भटारखाना, कोणत्या बोटीवर त्या ट्रेडची जागा मोकळी आहे, कोणती बोट दुरुस्तीला गेलीय आणि कोणती समुद्रात निघायच्या बेतात आहे. माणसाची पसंती असली तरी गरज आधी. थोडक्यात, त्याला शहर मिळत नाही, बोट मिळते. बोट जिथं, तिथं तो.

तरी थोडा अंदाज बांधता येतो. आपल्याकडच्या पाणबुड्या एका जातीच्या नाहीत. 1986 पासून आलेल्या सिंधुघोष वर्गाच्या रशियन, शिशुमार वर्गाच्या जर्मन बनावटीच्या, आणि फ्रेंच तंत्रावर मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा. त्यातली शेवटची वाघशीर जानेवारी 2025 मध्ये दाखल झाली. शिशुमार आणि कलवरी वर्गाचं ठाणं मुंबई. अरिहंतसारख्या अणुपाणबुड्या विशाखापट्टणमला. सिंधुघोष वर्गाच्या बोटी दोन्ही किनाऱ्यांवर राहत आल्यात. प्रत्येक जातीची यंत्रं वेगळी, त्यांचं शिक्षण वेगळं. म्हणून ज्या जातीवर माणसाचा हात बसतो, तिथंच तो पुढंही लागतो. म्हणजे मुंबई मिळणं अशक्य नाही. पण त्यावर मांडव घालू नका.

तुम्ही लिहिलंत, मुंबईला असला म्हणजे घोर नाही. हे वाक्य मला खटकलं, आणि गोड बोलून सोडून देणार नाही. सिंधुरक्षक ही पाणबुडी 13-14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री मुंबईच्या गोदीतच, धक्क्याला लागलेली असताना स्फोट होऊन बुडाली. अठरा जण गेले. धोका शहर बघून येत नाही. त्या धोक्याची तयारी मात्र दोन्ही किनाऱ्यांवर आहे: बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढणारं खोल पाण्यातलं बचावयान 2018 मध्ये मुंबईला आलं, दुसरं विशाखापट्टणमला आहे. पाण्याखालच्या बोटीतून जीव वाचवून वर कसं यायचं, हे तर या शाळेत शिकवतातच. त्यासाठी पाण्याचा मनोरा असलेलं ‘विनेत्र’ नावाचं नवं केंद्र डिसेंबर 2024 मध्ये तिथंच सुरू झालं. पोराचा फोन लागला की त्याबद्दल विचारा. बदलीवर तो बोलायचा नाही, यावर खुलेल.

आता लग्न. माझ्या मते खरा पेच इथं आहे, आणि तो शहराचा नाही, वेळेचा आहे. कोर्स संपला म्हणजे तो पाणबुडीवाला झाला असं नाही. बोटीवर गेल्यावर खरं शिक्षण सुरू होतं. ट्रेड कुठलाही असो, इलेक्ट्रिशियन असो की आचारी, प्रत्येक कप्प्यातला कोणता पाइप कुठून येतो, कोणता व्हॉल्व्ह कशाचा, दिवे गेले तर कोणता खटका कुठं, हे त्याला हातानं दाखवावं लागतं. वही घेऊन त्या पाइपांचा माग काढत फिरायचं, जुन्या माणसांच्या सह्या गोळा करायच्या, ड्युटीही करायची आणि राहिलेल्या वेळात झोपायचं. अंघोळीला पाणी मोजून. शेवटी तोंडी परीक्षा होते आणि मग छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. तो लागेपर्यंत बोटीवर तो शिकाऊच. या काळात नवी नवरी मुंबईत आणून ठेवली तरी ती भिंतींशी बोलेल. तिला मुंबई मिळेल, नवरा मिळणार नाही.

म्हणून मी म्हणेन, तारीख पोस्टिंगवर बांधू नका, बिल्ल्यावर बांधा. मुलीलाही एकदा विचारा. तुमच्या अख्ख्या पत्रात तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. पाणबुडी समुद्रात असली की फोन नाही, व्हॉट्सॲप नाही. कधी येणार हे विचारायचं नाही, आणि त्याला ठाऊक असलं तरी तो सांगायचा नाही. हे तिला साखरपुड्याच्या आधीच कुणी सांगायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही. तिला हे चालत असेल तर विशाखापट्टणमही चालेल. चालत नसेल तर मुंबईनं काही फरक पडायचा नाही. एक बरं आहे, तुमचा मुलगा अग्निपथच्या आधीचा, त्यामुळे लग्नाला आडकाठी नाही. अग्निवीर असता तर चार वर्षं लग्नच करता आलं नसतं, आणि व्याह्यांचा प्रश्न आपोआप मिटला असता!

जाण्यायेण्याचं म्हणाल तर मुंबई जवळ, हे खरंच. जळगावहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. विशाखापट्टणमला जायचं तर बहुतेक वेळा नवजीवन एक्सप्रेसनं विजयवाडा आणि तिथून गाडी बदलून पुढं, मोठा प्रवास आहे. पण हा त्रास तुमचा आहे, ताई. तो मान्य करा, पोराच्या काळजीत मिसळू नका.

कानबाईला येईल का? सांगता येत नाही. एखाद्या वर्षी येईल, एखाद्या वर्षी श्रावण सरेल आणि तो समुद्रातच असेल. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू काढताना घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ घेतात, त्यात त्याची मूठ घ्याच. पण गल्लीत ‘यंदा माझा आंडोर नक्की येणार’ म्हणून आधी सांगत फिरू नका. मग नाही आला की चार बायका विचारतात, आणि आपण चिडून फोनवर त्यालाच बोलतो. शिवाय तो कधी निघाला, कुठं निघाला हे चौकात, भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. ही सवय आतापासून लावा, तुम्हालाही आणि ह्यांनाही. ह्यांना जास्त, असं पत्रावरून दिसतंय.

आता काय करायचं ते. पुढाऱ्याला ह्यांनी जाऊन सांगावं, ‘साहेब, आभार, पण पोराचं म्हणणं आहे तिथल्या पद्धतीनंच होऊ द्या.’ त्यांचा मान राहील, तुमचाही. मग दोघं धरणगावला जा. पोराला पुढं करू नका, फोन लावून स्पीकरवर तर अजिबात नको. व्याह्यांना सांगा की मुंबईचा शब्द आम्ही देऊ शकत नाही, बिल्ला लागला की महिनाभरात तारीख काढू, आणि तोवर मुलीला थांबायचं नसेल तर आमचा राग नाही. शेवटचं वाक्य म्हणताना जड जाईल. तरी म्हणा. आणि पोराला साधा मेसेज टाका: चिठ्ठी रद्द केली. एवढाच. फोन तो स्वतः करेल.

तारीख निघाली की मला जरूर कळवा. बोट कुठली ते नाही कळवलंत तरी चालेल.

– माई