सहाही ओएसडी चालू, तरी नव्या सेफ क्लस्टरमध्ये पीजी ‘अंडरसाइज्ड’ का?

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवणारी प्रणाली. तुमच्याकडे दोन सर्व्हर (होस्ट), प्रत्येकात तीन डिस्क, आणि प्रत्येक डिस्क सांभाळणारा एक ओएसडी. पीजी म्हणजे डेटाचे गट; ठरलेल्या संख्येइतक्या प्रतींना जागा मिळाली नाही की ते ‘अंडरसाइज्ड’ दिसतात. सहाही ओएसडी ‘अप’ (चालू) आणि ‘इन’ (डेटा ठेवण्यासाठी सामील) असतील तर डिस्क बिघडलेल्या नाहीत, त्या पुसून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

सेफमध्ये पूल (डेटा साठवण्याचा कप्पा) बनवताना मुद्दाम बदललं नाही तर प्रत्येक डेटाच्या तीन प्रती ठेवल्या जातात, आणि क्रश नियमानुसार (कोणती प्रत कुठे ठेवायची ते ठरवणारा नियम) प्रत्येक प्रत वेगळ्या होस्टवर जावी लागते. तुमच्याकडे होस्टच दोन. तिसरी प्रत ठेवायला जागा सापडत नाही, म्हणून पीजी ‘अॅक्टिव्ह’ असूनही ‘अंडरसाइज्ड’ राहतात. डिस्क कितीही वाढवल्या तरी हे सुटणार नाही. ‘सेफ ओएसडी ट्री’ चालवा, होस्ट मोजा, लगेच कळेल.

खरा उपाय म्हणजे तिसरा सर्व्हर. तो शक्यतो तेवढ्याच क्षमतेचा घ्या, कारण तीन होस्टवर तीन प्रती म्हटल्यावर सगळ्यात लहान होस्ट भरला की क्लस्टर भरला. शिवाय दोनच मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम) असतील तर एक बंद पडताच बहुमत जातं आणि सगळं थांबतं.

फक्त शिकण्यासाठी असेल तर होस्टऐवजी ओएसडी पातळीचा नियम करून तो पूलला लावा. पण इशारा घालवण्यासाठी ‘साइज’ (एकूण प्रती) 2 आणि ‘मिन साइज’ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) 1 कृपया करू नका. एकाच प्रतीवर लेखन चालू असताना ती डिस्क गेली तर डेटा परत मिळत नाही.

‘क्लॉक स्क्यू’ (घड्याळं जुळत नसल्याचा इशारा) ही दिसत असेल तर सगळीकडे क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) लावा. मॉनिटरच्या घड्याळांत 0.05 सेकंदांहून जास्त फरक चालत नाही.