मथुरेहून डीग: कारंजी बघायला जाण्याआधी

तुमचा प्रश्न असा की मथुरा-वृंदावन उरकून एक दिवस हाताशी उरतोय, सोबत आई आणि दोन मुलं आहेत, तर वेगळी गाडी न करता राजस्थानातल्या डीगचा जलमहाल आणि तिथली कारंजी बघून होतील का. आरामात होतात. मथुरेहून गोवर्धनमार्गे बस मिळते, अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. आम्ही तसेच गेलो होतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंचवीस रुपयांच्या आसपास आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. शुक्रवार मात्र टाळा.

आता महत्त्वाचं. कारंजी रोज उडत नाहीत. वर्षातून मोजक्याच दिवशी पाणी सोडतात: होळीआधीच्या ब्रज महोत्सवात आणि भादोच्या जत्रेत. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा भादो आपल्या भाद्रपदाच्या पंधरा दिवस आधी लागतो. तारीख आपल्या कालनिर्णयावरून काढू नका, तिथेच विचारून घ्या.

पण कोरडी असली तरी जाच. फक्त बागेत शिरल्याशिरल्या कारंज्यांकडे बघू नका, आधी वर बघा. गच्चीएवढ्या उंचीवर एक भलामोठा हौद आहे. त्याच्या भिंतींत ओळीनं भोकं आहेत आणि एकेका भोकाची नळी खाली आपापल्या कारंज्यापर्यंत गेली आहे. बोळे काढले की पाणी स्वतःच्याच दाबानं उसळतं, पंप नाही, काही नाही. हा हौद बैलांच्या मोटेनं भरायचे. सणाला भोकांत रंगाच्या पुरचुंड्या ठेवायच्या की रंगीत फवारे. हे मुलांना तिथेच दाखवा, मग त्या दगडी तोट्या त्यांना वेगळ्याच दिसतील. केशव भवन म्हणजे पावसाळी मंडप. तिथे छतात पाण्याच्या जोरानं दगडी गोटे गडगडायचे, म्हणजे भर उन्हाळ्यात ढगांचा आवाज! ज्यानं हे योजलं असेल त्याचं मला अजून नवल वाटतं.

आईंना गोपाल भवनाच्या, म्हणजे तलावाकाठच्या मुख्य महालाच्या सावलीत, तलावाकडे तोंड करून बसवा. भवनाच्या बागेकडच्या बाजूला संगमरवरी झोपाळ्याची कमान आहे, भरतपूरचा जाट राजा सूरजमल यानं दिल्लीहून लुटीत आणलेली असं सांगतात.

आणि आपल्या माणसांनी इथे घटकाभर थांबावं असं मला मनापासून वाटतं. पानिपतानंतर जखमी, उपाशी मराठ्यांना सूरजमलनं याच मुलखात आसरा दिला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर १७६१ मध्ये जखमांनी डीगलाच वारला. पुढे १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली तीही इथेच. शेजारच्या किल्ल्याचा बुरूज चढवत असेल तर चढा, सगळा परिसर दिसतो.

पाणी आणि खाणं मथुरेहूनच न्या. आणि पौर्णिमेच्या आगेमागे हा बेत ठेवू नका. गोवर्धनची परिक्रमा असते, रस्ता माणसांनी भरून जातो, परतीची बस तासन्‌तास अडकते.