ताट फिरवून ठेवलं की खातात

"लकवा येऊन गेला, आता हातपाय चालतात. वडील म्हणतात गाडी मीच चालवणार. चावी द्यायची की लपवायची?" बेळगावात माझ्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. विचारतो मुलगा. वडील शेजारी मान खाली घालून बसलेले असतात.

खानापूर तालुक्यातले आप्पा असेच आले. घरच्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. तीस वर्षं त्यांच्या दारात जीप. बाळंतीण असो नाहीतर साप चावलेला माणूस, रात्री-अपरात्री बेळगावला पोचवणारे आप्पाच. मुलाने चावी तांदळाच्या डब्यात लपवली आणि सांगितलं, बॅटरी उतरलीय.

"तीस वर्षं गाडी राबवली मॅडम, मला बॅटरी कळत नाही व्हय?" आप्पा म्हणाले आणि डावी मूठ आवळून दाखवली. "बघा की, काय कमी हाय?"

मुठीत खरंच काही कमी नव्हतं. पण बोलता बोलता सून म्हणाली, आप्पा हल्ली चटणी-कोशिंबिरीला शिवत नाहीत, ताट फिरवून ठेवलं की मात्र खातात. मी कागद पुढे केला, घड्याळ काढायला सांगितलं. गोल नीट आला. आकडे मात्र सगळे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने, डावीकडे कोरा कागद. "झालं," म्हणून त्यांनी पेन ठेवलं.

मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की कधी कधी डाव्या बाजूचं भानच जातं. डोळा बघतो, मेंदू दखल घेत नाही, आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. म्हणून "मला काही होत नाही" हे आप्पांचं बोलणं खोटं नव्हतं. पण आपल्या रस्त्यावर डावीकडेच सायकलवाले असतात, शाळेची पोरं असतात, फटीतून घुसणारी स्कूटर असते.

लायसन्स मुदतीत होतं, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. आरटीओच्या नमुना 1 मध्ये 25 मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, फिट किंवा चक्कर येते का, हे विचारतात. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला, नमुना 1 अ, लागतो. कोशिंबीर उरते का, हे कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये लकव्यानंतर किमान 1 महिना कार चालवू देत नाहीत. तेवढा महिना गेला म्हणजे माणूस तयार झाला, असं मात्र तिथेही धरत नाहीत.

मुलाला मी एकच सांगितलं: चावी डब्यातून काढ, आप्पांच्या हातात दे. मग आप्पांना विचारलं, तपासण्या होईपर्यंत ती देव्हाऱ्यात ठेवाल का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी ठेवतो. त्यानं नको."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना आजूबाजूला किती दिसतं ते, तपासलं. ते शाबूत निघालं. मेंदूच्या डॉक्टरांनी फिटची चौकशी केली, औषधांनी झोप येते का ते पाहिलं. खरं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्यांकडे झालं. पेपराच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक ओळ तिथून सुरू करायची. पुढे मुलाच्या शेजारी बसून डावीकडे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पहिल्या दिवशी खानापूर रस्त्यावर आप्पांनी उसाचा ट्रॅक्टर सांगितला, त्याच्या डावीकडून चाललेल्या दोन सायकली सांगितल्या नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

पाचव्या महिन्यात ते मुलाच्या आधी सायकल सांगू लागले. पुन्हा तपासणी झाली, डॉक्टरांनी होकार दिला, मग ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सराव, जिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. आता आप्पा दिवसा गाव ते खानापूर चालवतात, शेजारी कुणीतरी असतं. रात्र आणि चोर्ला घाट अजून बंद. घाटाचं दिवाळीनंतर डॉक्टरांना परत विचारणार आहेत, स्वतःच.