मायच्या धापेचं काय?

पत्र : ताई, माझं माहेर अंबाजोगाईजवळच्या खेड्यात. अण्णांना बिडीपायी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट धापेचा आजार झालाय. त्यांचा श्वासातून औषध ओढायचा पंप आहे, दवाखाना चालू आहे. आता मायलाही घागर उचलली की धाप लागते. तिनं कधी बिडी ओढली नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आणि टेन्शन. भाऊ म्हणतो, अण्णांचं बघून तिलाही तसंच वाटायलंय. ती गुपचूप अण्णांचा पंप ओढते. मी लातूरला सासरी. काय करू?
— एक लेक

उत्तर : लेकी, भावाचं बोलणं मनावर घेऊ नकोस. मायची धाप खरी आहे असं धरूनच चाल.

बिडी न ओढताही सीओपीडी होतो. आपल्या खेड्यांतल्या बायकांना तो फार करून चुलीच्या धुरानं होतो. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण, आणि त्यापुढं जन्मभर भाकरी थापणं. अण्णांना डॉक्टरांनी बिडीचं विचारलं असेल. मायला चूल किती वर्षं, हे कुणी विचारलं का?

ही चूक फक्त तुमच्या गावातली नाही. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांना एकाच रुग्णाची माहिती दिली होती. काहींच्या कागदावर तो पुरुष होता, काहींच्या कागदावर बाई. बाईच्या बाबतीत सीओपीडीची शंका कमी जणांना आली. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवल्यावर मात्र हा फरक बराच कमी झाला. मायला हीच तपासणी हवी. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सोबत हिमोग्लोबिनही बघा, कारण कमी रक्तानंही दम लागतो.

फुफ्फुसं तेवढीच असली तरी बाईच्या श्वासनलिका पुरुषापेक्षा अरुंद असतात. हा आजार असलेल्या बायकांना धाप आणि घाबरं होणं जास्त सतावतं, पुरुषांना बहुधा कफ. श्वास पुरेना की जीव घाबरणारच. त्यालाच टेन्शन म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

पंपावरून तिला रागावू नकोस. श्वास कोंडलेल्या माणसानं दुसरं काय करावं? पण निदान होईपर्यंत अण्णांचं औषध तिनं घेऊ नये, हे समजावून सांग. आणि ती पंप घेते हे डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस.

भावाला समजावायचं काम अण्णांवर सोपव. धाप म्हणजे काय हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? अण्णा आजारी पडल्यावर त्यांना खाट मिळाली असेल, माय मात्र धापा टाकत चुलीपुढंच असेल. अण्णा बोलले तर भाऊ ऐकेल. गॅसचं त्यालाच बघायला लाव. २०१६ पासून उज्ज्वलातून गावोगाव सिलिंडर आले, पण भरायला महाग म्हणून गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, असं कितीतरी घरांत चालतं. तुमच्याकडंही तसंच असेल, तर सिलिंडरचा खर्च मायच्या औषधपाण्यात धरा. तोवर चूल अंगणात मांडा, अंघोळीच्या पाण्याचीसुद्धा. अण्णांची बिडी अजून चालू असेल, तर ती दोघांसाठी बंद व्हायला हवी.

दवाखान्यात तू स्वतः सोबत जा. डॉक्टरांपुढं माय "बरं हाय" म्हणेल. तेव्हा तू सांग: घागर घेऊन किती पावलांवर थांबते, रात्री उठून बसते का, चूल किती वर्षांची. आणि ओठ निळे पडले, किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना झालं, तर तारखेची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.