पोर्टसारख्या गोड वाईनमध्ये साखर घालतात का? ती बनते कशी आणि चवीला कशी लागते?

साखर घालत नाहीत. हेच वाक्य मी २०१२ मध्ये पिंपळगावला, ताईच्या घरी, दाजींना आवाज चढवून ऐकवलं होतं.

गोव्याहून गोड लाल 'पोर्ट'ची बाटली घेऊन गेलो होतो. दाजींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि चार पाहुण्यांसमोर निकाल दिला, "साखरेचा पाक आणि वरून दारू. याच्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं." वीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस बोलला म्हटल्यावर सगळे हसले. मी तेव्हा एका वाईनरीच्या टेस्टिंग रूममध्ये लागून जेमतेम तीन आठवडे झालेले, म्हणजे सगळं कळायचं वय. म्हणालो, "खऱ्या पोर्टमध्ये बाहेरचं काहीही घालत नाहीत. साखर नाही आणि दारूही नाही."

यातलं अर्धं साफ चूक होतं. ते कळलं दोन वर्षांनी, पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात तोडणीच्या हंगामाला मजुरी करायला गेलो तेव्हा. दिवसभर उतारावरची द्राक्षं तोडायची आणि रात्री जेवून लागारमध्ये उतरायचं. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा उथळ हौद. पहिले दोन तास नुसती कवायत. खांद्याला खांदा लावून रांग, म्होरक्याच्या तालावर सगळ्यांनी एकदम पाय उचलायचा, एकदम टाकायचा. पायच का, तर पायाने साल फुटते, बी फुटत नाही, आणि बी फुटली की कडवटपणा उतरतो. पहिल्या रात्री लगदा थंडगार होता, देठ बोटांत रुतत होते. दुसऱ्या रात्री तोच लगदा कोमट, आणि बुडबुडे पोटऱ्यांना गुदगुल्या करतायत.

साधी लाल वाईन अशी आठवडाभर आंबू देतात, यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं. इथे दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, रस काढून घेतला आणि त्यात पाण्यासारखी नितळ ७७ टक्क्यांची दारू ओतली. द्राक्षाचीच, पण दारूच. चार भाग रसाला साधारण एक भाग. यीस्ट जागच्या जागी मेलं, उरलेली साखर तशीच राहिली. तयार वाईनमध्ये अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि ती सगळी द्राक्षाची. मी मांड्यांपर्यंत जांभळा होऊन काठावर उभा होतो आणि कानात दाजी: "वरून दारू." रात्री ताईला फोन केला, तर हवापाण्याच्याच गप्पा मारल्या.

चवीचं म्हणाल तर रुबी आणि टॉनी या पोर्टच्या दोन प्रकारांना एका मापात मोजू नका. रुबी मोठ्या टाक्यांत, हवेपासून जपून ठेवतात. ती जांभळासारखी, गडद, मागून मिरीचा चटका. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, लाल रंग उडून विटकरी होतो, आणि अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल, काकवी असं एकेक पुढे येतं. गोडीच्या खाली आंबटपणा हवाच. तो नसेल तर मात्र दाजी खरे, नुसता पाक.

दारू न घालताही गोड वाईन होते. फ्रान्सच्या सोतेर्नमध्ये पहाटे नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं, आणि पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी चढते. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. भुरी या बुरशीच्या धास्तीने रात्री-बेरात्री फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत जाणाऱ्या माणसाला सांगून बघा, की तिकडे बुरशीची वाट बघतात. मी सांगितलंय. "थापा मारू नको," म्हणाले.

एक राहिलं. गोव्यात 'पोर्ट' नावाने मिळते ती वेगळीच चीज आहे, तिच्यावरून डोरूच्या पोर्टला नावं ठेवू नका. त्या खोऱ्याच्या हद्दी १७५६ मध्येच आखल्या गेल्या आणि युरोपात हे नाव दुसऱ्या वाईनला लावता येत नाही. आणि हो, गोड लागते म्हणून पाण्याचा ग्लास भरू नका, लहान पेला बस. डायबेटीस असेल तर तोही नको. उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, जुनी व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली पोर्ट, मात्र दोन दिवसांत संपवा.

मागच्या दिवाळीत वीस वर्षांची टॉनी पिंपळगावला नेली. दाजींनी दोन पेले घेतले, तिसरा स्वतःच ओतला आणि म्हणाले, "हिच्यात साखर बेताची घातलीय."

मी पुन्हा तासभर साखरेवर भांडलो. दारूचा विषय काढला नाही.