गुडघ्याची वाटी सारखी सरकते. मिरजेत थेट एमआरआय काढू की आधी एक्स-रे?

आधी एक्स-रे, पण समोरून-बाजूने एवढ्यावर भागवू नका. गुडघा 30 ते 45 अंश वाकवून 'स्कायलाइन व्ह्यू' (वाटी आणि तिच्या मागची खोबणी आडव्या छेदासारखी दाखवणारा एक्स-रे) काढा, असं चिठ्ठीवर लिहून घ्या. वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत मधोमध आहे की बाहेर कललीय, ते त्यातच दिसतं. गुडघा 90 अंशांत वाकवला की सरकणारी वाटीही खोबणीत बसते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. फसगत होते ती इथेच. बाजूच्या फिल्मवर वाटीची उंची मोजतात (कॅटन-डेशाम्प्स गुणोत्तर, म्हणजे वाटीच्या सांध्याच्या पृष्ठभागाच्या खालच्या कडेपासून नडगीच्या हाडापर्यंतचं अंतर भागिले त्या पृष्ठभागाची लांबी; ते 1.2 च्या वर म्हणजे वाटी उंच). एकदा जरी निखळली असेल तर एमआरआय हवाच, कारण आतल्या बाजूचं फाटलेलं लिगामेंट (वाटीला धरून ठेवणारा पट्टा) आणि कूर्चेची (हाडावरच्या गुळगुळीत आवरणाची) इजा एक्स-रेत दिसत नाही. फक्त, हे सगळे फोटो स्थिर गुडघ्याचे. पाय सरळ करताना वाटी कशी पळते ते अस्थिरोगतज्ज्ञ हातानेच तपासतात.